माठ, पेटी आणि लॅमिंग्टन रोड

स्पीकर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी वॉट विचारतं. मी खोली विचारतो. लांबी-रुंदी किती, पेट्या भिंतीला चिकटून राहणार की हातभर पुढे, खाली उघडी लादी आहे की सतरंजी. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड आहे, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रेडिओचं सामान घेणारे आजही जुनंच नाव घेतात. तिथल्याच एका गल्लीत मी स्पीकरच्या पेट्या बांधत आलो. घरातल्या संगीताचा इतिहास लोक यंत्रांच्या नावांनी सांगतात. माझ्या लेखी तो पेटीचा इतिहास आहे.

आपण आज वापरतो त्या स्पीकरची रचना १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. कागदी कोन, त्याला चिकटवलेली तारेची कॉईल, भोवती लोहचुंबक. सामान सुधारलं, रचना तीच राहिली, आणि तिची अडचणही. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास सात मीटर लांब. ती कोनाच्या कडेवरून सहज वळते, पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना खातात, खर्ज हवेतच संपतो. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची लाकडी पेटी मागून मोकळी असे, नुसता भोकं पाडलेला पुठ्ठा. व्हॉल्व्ह तापत, त्यांना हवा लागे. म्हणून त्यावर विविध भारतीचं निवेदन स्वच्छ, गायिकेचा गळा गोड, पण तबल्याचा डग्गा अर्धाच पोचायचा.

यावरचा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त उपाय कुंभाराकडे होता. १९८०च्या दशकात कॅसेट घरोघर आल्या, तेव्हा चाळींत आणि गावांत मोटारीचा टेप ट्रान्सफॉर्मरवर चालवत आणि स्पीकर कोरड्या माठाच्या तोंडावर उताणा ठेवत. मागचा आवाज माठाच्या पोटात अडायचा आणि ढोलकी एकदम भरून यायची. कोणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. कानाने शोधलेला उपाय होता तो. त्याची मर्यादाही कानालाच कळायची: माठ आपल्या एका ठरावीक सुराला जास्त घुमतो, त्यामुळे खर्जातले वेगवेगळे स्वर सारखेच वाटू लागतात. बरीच गिऱ्हाइकं माठ वापरून झाल्यावरच पेटी बांधायला माझ्याकडे येत. काय हवंय ते त्यांना नेमकं ठाऊक असे.

हीच गोष्ट एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत शास्त्रशुद्ध केली. १९५४ साली आलेल्या त्यांच्या एआर-१ स्पीकरचा कोन मुद्दाम सैल बांधलेला होता आणि पेटी हवाबंद होती; आतली हवाच स्प्रिंगचं काम करायची. कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी भोक असलेल्या पेटीचं गणित मांडलं. कोणत्या स्पीकरला किती लिटरची पेटी, ते भोक म्हणजे पोर्ट किती रुंद, किती लांब, हे करवत उचलण्याआधी कागदावर काढता येऊ लागलं. आमच्याकडे पोर्टसाठी नळवाल्याच्या दुकानातला पीव्हीसी पाइप लागे, आतून अस्तर ग्लासवूलचं, आणि लाकूड पाऊण इंची प्लाय. पातळ प्लाय स्वतःच थरथरतो आणि गाण्यात नसलेला आवाज घालतो.

कॅसेटच्या त्या काळात परदेशी सामानावर जबर जकात होती. आखातात नोकरीला गेलेला रत्नागिरीचा कुणी कॅसेट डेक घेऊन आला तरच तो चाळीत दिसायचा. बाकीच्यांची सुधारणा हप्त्याहप्त्याने चाले. एका दिवाळीला बारीक आवाजाचा ट्वीटर, पुढच्या बोनसला खर्जाचा आठ इंची वूफर, मग दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर, मग २एन३०५५ ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. दरवेळी एकच बदल, म्हणून प्रत्येक बदलाने काय झालं ते घरातल्या सगळ्यांना ऐकू येई.

सिनेमाचा आवाज घरी हवा ही ओढही याच रस्त्यावर वाढली. १९७५ साली ‘शोले’ सत्तर एमएममध्ये, स्टीरिओ आवाजासह आला आणि इथल्याच मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. १९९२ साली डॉल्बी डिजिटल आलं, डीव्हीडीबरोबर ते घरात शिरलं: पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. त्याच काळात जाहिरातींत पीएमपीओचे हजारो वॉट झळकू लागले. तो आकडा क्षणभराच्या शिखराचा. रोज ऐकायचे ते आरएमएस वॉट. तेही दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. ८७ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला तर तेवढाच फायदा अँप्लिफायरला हात न लावता मिळतो.

म्हणून सिस्टीम सुधारायला निघालेल्याला मी जुनाच क्रम सांगतो. आधी पेट्या कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपरा खर्ज फुगवतो. मग कोनाची कड बोटाने तपासा. मुंबईच्या दमट हवेत फोमची कड काही वर्षांत भुगा होते, पण नवी कड चढवता येते, म्हणजे चांगला स्पीकर टाकून द्यायचं कारण नाही. मग पेटी, मग क्रॉसओव्हर, आणि सर्वांत शेवटी वॉट. एक बदल करा आणि पाठ असलेलं एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐका. तुटवड्याच्या काळाने लोकांना कानावर भरवसा ठेवायला लावलं. आता दुकानं भरली आहेत, तेव्हा तोच भरवसा जास्त कामाचा आहे.