आड, नळ आणि जीभ

एकाच गल्लीतील दोन घरे, त्यांना पाणी पुरविणारी टाकी एक, रस्त्याखालचा नळही एकच. असे असता एका घरचे पाणी गोड लागते आणि शेजारचे किंचित तुरट व लोखंडासारखे लागते, हा अनुभव पुष्कळांस आहे. कोणी ह्यास मनाचा खेळ म्हणतात, कोणी नगरपरिषदेच्या माथी खापर फोडून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पाण्याच्या चवीसही इतिहास आहे, आणि भोकरसारख्या गावाच्या आधाराने तो चांगला उलगडतो.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. दख्खनचा काळा खडक जिल्ह्याच्या पश्चिमेस सर्वत्र पसरलेला आहे. पूर्वेकडे जाऊ लागले म्हणजे तो विरत जातो आणि त्याच्याहून कितीतरी पुरातन असा ग्रॅनाइट वर डोकावू लागतो. हा तालुका ह्या दोन भूमींच्या संधीप्रदेशात मोडतो. काळ्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ. ग्रॅनाइटातील पाण्याची प्रकृती निराळी. अशा मुलखात थोड्या अंतरावरच्या दोन विहिरींचे पाणी निराळे लागावे ह्यात नवल ते काय? गोडे, खारे, मचूळ, जड, हलके हे शब्द आपल्या भाषेत काही काव्यासाठी आलेले नाहीत. ते पाणवठ्यावर जन्मले. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते ते हलके, ज्यात ती दगडासारखी राहते ते जड, ही गृहिणींची परीक्षा आजचे रसायनशास्त्रही मान्य करील. कारण चुन्याचे क्षार डाळीतील पेशी सांधणाऱ्या द्रव्यास घट्ट करतात व ती मऊ होऊ देत नाहीत. सुश्रुतसंहितेतही भूमीत ज्या महाभूताचे आधिक्य त्याप्रमाणे पाण्याचा रस बदलतो असे सांगून, ज्याचा रस व्यक्तच होत नाही अशा पाण्याची गणना निराळी केली आहे. तात्पर्य, चव ही भूमीची होती, घराची नव्हे. एका आडावर भरणाऱ्या सर्व घरांत पाणी एकाच चवीचे असे. भेद राही तो माठाचा व तांब्याच्या कळशीचा.

नळ आला तेव्हाही हे एकदम बदलले नाही. मराठवाड्यात नळाची परंपरा जुनी आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे पुढील औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर बांधली ती प्रसिद्धच आहे. तेथील पाणचक्कीकडे येणारे पाणी खापरी नळांतून आणलेले होते. खापराची निवड काही दारिद्र्यामुळे झाली असे मानावयास नको. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस ह्याने दोन हजार वर्षांपूर्वीच शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळाचे पाणी आरोग्यास व चवीस चांगले असल्याचे लिहून ठेवले होते, आणि ज्यांच्या घरी चांदीची भांडी आहेत तेही चवीसाठी मातीचेच भांडे वापरतात असा दाखला दिला होता. आपल्याकडील रांजणवाल्यांस हे पटवून द्यावे लागणार नाही.

खरी क्रांती झाली ती पाणी घराच्या आत शिरले तेव्हा. मुंबईस १८६० साली विहारचे पाणी आले आणि लोखंडी नळांचे युग सुरू झाले. त्या काळी सनातनी मंडळींनी जो वाद घातला तो चामड्याच्या वायसराने होणाऱ्या विटाळाचा. चवीचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्याच्या लहान गावांत घरोघरचा नळ फार उशिरा पोहोचला. पण जेथे तो पोहोचला तेथे एक गोष्ट सारखीच घडली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली म्हण खोटी ठरली. टाकीत नसलेले पुष्कळ काही आता तोटीतून येऊ लागले.

ते येते कोठून? रस्त्यावरचा नळ सार्वजनिक. तेथून तोटीपर्यंतचा तुकडा घरमालकाचा. कोणाकडे तो जुना जस्तलेपी लोखंडी, कोणाकडे तांब्याचा, कोणाकडे प्लास्टिकचा. रात्रभर पाणी त्यात उभे राहिले म्हणजे लोखंड, जस्त वा तांबे अल्पांशाने विरघळते, आणि पहाटेचा पहिला तांब्या तुरट लागतो. थोडे पाणी वाहून गेले की तीच तोटी निवळते. गच्चीवरची टाकी उन्हात तापते, आणि कोमट पाण्यात प्रत्येक दोष अधिक जाणवतो. जंतुनाशासाठी घातलेल्या क्लोरीनचा वास टाकीजवळच्या घरी उग्र, नळाच्या टोकाच्या घरी जवळजवळ नाहीसा. शिवाय जिभेचाही वाटा आहे: लाळ स्वतः खारट असते, तिची आपणांस सवय झालेली असते, म्हणून अगदी क्षारहीन पाणीही बेचव किंवा कडवट भासते.

येथवर जिभेची साक्ष ग्राह्य आहे. पुढे मात्र ती फितूर होते. ग्लासगो शहरास १८५९ साली लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळाले; ते मऊ, निर्मळ व नावाजलेले. पण मऊ पाण्यात शिसे अधिक विरघळते. घरांतील नळ शिशाचे होते, आणि त्या विषाची चव कोणासही लागली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या पाण्यात चुना मिसळावा लागला.

भोकरच्या भूमीत ह्याचेच दुसरे रूप आहे, आणि तेथे दोष नळाचा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात कूपनलिकांचे युग आले आणि ग्रॅनाइटाच्या खोल भेगांतील पाणी वर आले. नांदेडच्या पूर्वेकडील ग्रॅनाइटी पट्ट्यात, ज्यात भोकर व किनवट तालुक्यांचे भाग येतात, काही ठिकाणी त्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे. दर लिटरास दीड मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची शेवटची सीमा. तिच्यापलीकडे दात डागळतात, पुढे हाडे जखडतात. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात ही व्यथा १९३७ साली वैद्यकास प्रथम नीट ओळखू आली. आता चमत्कार असा की, चुना कमी असलेल्या पाण्यातच फ्लोराइड अधिक टिकून राहते, कारण चुना भेटला की ते त्याच्याशी संयोग पावून खाली बसते. म्हणजे ज्या पाण्यात डाळ झटकन शिजते व जे जिभेस गोड लागते, त्यातच ते असण्याचा संभव जास्त. आमच्या आज्या-पणज्यांची परीक्षा उथळ आडापुरती खरी होती. तुरटी व चुना घालून फ्लोराइड काढण्याची जी रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने बसविली, ती पूर्वी निजामाच्याच राज्यात असलेल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते; आणि त्या रीतीने शुद्ध केलेले पाणी गावकऱ्यांस पहिल्याप्रथम जरा जडच लागते.