एलिझाबेथ रॉस हेन्स : घरकामाला श्रमाच्या नकाशावर आणणारी समाजशास्त्रज्ञ

ऑक्टोबर १९२३ मध्ये ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’च्या अंकात एक दीर्घ प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता अमेरिकेतील कृष्णवर्णीय घरकामगार. (‘निग्रो’ हा त्या काळच्या औपचारिक लेखनातील रूढ शब्द, आज तो टाळला जातो.) लेखिका एलिझाबेथ रॉस हेन्स यांनी त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्राची एम.ए. पदवी घेतली होती. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या.

त्यांचा जन्म १८८३ चा, अलाबामातील लाउंड्स परगण्यातला. आई-वडिलांनी गुलामगिरी भोगलेली. एलिझाबेथ १९०३ साली फिस्क विद्यापीठातून पदवीधर झाल्या. १९०८ मध्ये वाय.डब्ल्यू.सी.ए. या स्त्री-संघटनेने कृष्णवर्णीय विद्यार्थिनींमधील कामासाठी त्यांची नेमणूक केली. १९१० मध्ये त्यांचा विवाह जॉर्ज एडमंड हेन्स यांच्याशी झाला आणि वेतनाची नोकरी सुटली. काम मात्र सुटले नाही. जॉर्ज हे नॅशनल अर्बन लीगचे सहसंस्थापक आणि कोलंबियातून पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. इतिहासग्रंथांत एलिझाबेथ बहुधा ‘त्यांच्या पत्नी’ म्हणूनच डोकावतात, आणि हा अन्याय आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कामगार खात्यात कृष्णवर्णीय श्रमिकांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. जॉर्ज त्याचे संचालक झाले, तर एलिझाबेथ वर्षाला एक डॉलर या नाममात्र मोबदल्यावर तेथे काम करू लागल्या. इतरांच्या मजुरीचा हिशेब मांडणारी ही स्त्री स्वतः जवळजवळ बिनपगारी होती. पुढे १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सरकारी रोजगार सेवेत घरकाम विभागाच्या सचिव म्हणून काम पाहिले. प्रबंधामागचा अनुभव प्रामुख्याने इथला.

१९२२ च्या एका लेखात त्यांनी नोकरी-मजुरी करणाऱ्या वीस लाख कृष्णवर्णीय स्त्रियांचे चित्र रेखाटले. घरकाम, शेती आणि कारखाने ही त्यांच्या श्रमाची तीन क्षेत्रे. युद्धकाळात पुरुष सैन्यात गेल्यावर कारखान्यांची दारे या स्त्रियांना काही काळ किलकिली झाली होती. शांतता आल्यावर ती पुन्हा मिटू लागली. मग उरत असे ते परक्याचे स्वयंपाकघर.

१९२३ चा प्रबंध याच स्वयंपाकघरात शिरतो. कामगार वारंवार नोकरी का सोडतात? प्रशिक्षण कोठे मिळते? मजुरी किती, तास किती, राहण्याची सोय कशी, प्रकृतीचे काय? मालकिणींच्या बैठकीत ‘हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत’ एवढ्यावर संपणारा विषय येथे वेतन आणि कामाच्या परिस्थितीचा प्रश्न होतो. कारखान्यातील मजुराला लावायचे निकष मोलकरणीला लावणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याआधी, १९२१ मध्ये, त्यांनी मुलांसाठी ‘अनसंग हीरोज’ हे सतरा चरित्रांचे पुस्तक लिहिले होते. त्यात हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथ यांच्या जोडीला पुश्किन आणि द्यूमाही आहेत. रशिया-फ्रान्सच्या या साहित्यिकांचे आफ्रिकी पूर्वज मुलांना ठाऊक असावेत, ही निवड फार बोलकी आहे.

१९२४ मध्ये त्या वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या राष्ट्रीय मंडळावर आल्या. तेथवर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या १९३४ पर्यंत मंडळावर होत्या. वंशभेद दूर करण्याची सनद मात्र संघटनेने १९४६ मध्ये स्वीकारली. १९३५ साली हार्लेममध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिल्हा सहनेत्या म्हणून त्या निवडून आल्या.

त्याच १९३५ मध्ये रूझवेल्ट यांचा सामाजिक सुरक्षा कायदा झाला, आणि वृद्धापकाळाच्या विम्यातून शेतमजूर व घरकामगार दोघेही वगळले गेले. यामागे दक्षिणेतील वर्णद्वेषी राजकारण होते की वसुलीच्या प्रशासकीय अडचणी, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. हेतू कोणताही असो, एलिझाबेथ यांनी ज्या तीन क्षेत्रांची नोंद केली होती त्यांपैकी दोन या कायद्याच्या बाहेर राहिली. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातही घरकामगारांना स्थान मिळाले नाही.

१९५० च्या दुरुस्तीने नियमित घरकामगार सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आले. एलिझाबेथ यांचे निधन १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाले. संघराज्याच्या किमान वेतनाचा हक्क घरकामगारांना मिळाला तो १९७४ साली. त्यांच्या प्रबंधाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.