एका कुंचल्याचे चित्र

बदलीच्या नोकरीत गावे मागे पडतात, आणि गावांबरोबर तेथला उजेडही मागे पडतो. झाशीचा निरोप घेण्यापूर्वी मानिक चौकाचे एखादे चित्र आपल्या हातून व्हावे, असे आम्हांस वाटले. सामान थोडकेच होते: पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, चार तैलरंग आणि एकच चपटा कुंचला. एवढ्यावर चित्र काढण्याची सोय माणसाला फार उशिरा लाभली.

हा चौक ज्या जुन्या शहरात आहे, तेथेच राणी महालही आहे. अठराव्या शतकात रघुनाथराव नेवाळकरांनी तो बांधविला. 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर लक्ष्मीबाई तेथे राहावयास गेल्या. त्याच्या भिंतींवर व छतावर रंगीत वेलबुट्टी आहे. ही कला वास्तूशी जखडलेली. भिंत पडली की चित्र गेले. एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले व जाळले. त्या दिवसांची झाशी आज आपणांस भेटते ती विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्ये, म्हणजे शब्दांत.

तैलरंग त्यापूर्वीच मराठी मुलखात आले होते. परंतु ते दरबाराच्या वाटेने. 1790 नंतर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यास सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे रंगविली. त्या काळी तेलात घोटलेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत साठवीत. पिशवी एकदा टोचली की रंग वाळू लागे. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले, आणि रंग खिशातून नेता येऊ लागले. युरोपात चित्रकार उघड्यावर बसू लागले होतेच. त्यांचे ओझे आता हलके झाले.

मराठी माणसांपुरते बोलावयाचे, तर या रीतीचे एक ठाणे महाराष्ट्राबाहेर, इंदुरास होते. तेथे 1927 मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रशाळा सुरू केली. विद्यार्थ्यांनी बाहेर पडून निसर्गचित्रे काढावीत, यावर त्यांचा भर असे. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचेच शिष्य. पुढे 1936 च्या सुमारास बेंद्रे काश्मीरच्या प्रवासी खात्यात चित्रकार म्हणून नोकरीस राहिले. परगावची नोकरी आणि कुंचला यांची संगत अशी जुनीच आहे.

मानिक चौकात आम्हांस कळले ते असे. एकच कुंचला असला म्हणजे क्रम पाळावा लागतो. आधी सावल्यांचे गडद रंग पातळ लावावेत, मग भिंतींचे मधले रंग, आणि शेवटी उन्हाचा उजळ रंग जाड. दर वेळी कुंचला फडक्याने पुसावा. नाहीतर सारे मळकट होते. सपाट बाजूने आकाश येते, कडेने सज्जाची रेघ, कोपऱ्याने माणूस. दुकानांच्या पाट्या, तारा, चेहरे यांना जागाच उरत नाही. तासाभरात सावली सरकते. तेव्हा थांबणे भाग पडते.

आमचे चित्र बेताचेच उतरले. तरी त्या सकाळची एक पिवळी भिंत आज आमच्या ट्रंकेत आहे. वाचकांनीही बदलीचा हुकूम येण्याची वाट न पाहता आपल्या गावचा एखादा चौक असा टिपून ठेवावा. झाशीचे घरोघरचे असे पुठ्ठे 1858 पूर्वी कोणी रंगवू शकत असते, तर आज आपण त्यांना केवढे जपले असते!