‘सारखा’ हा शब्द आला कुठून? त्याचा जुना भाऊबंद आहे नाशिकच्या लेण्यात

‘मुलगी अगदी आईसारखी दिसते,’ असं आपण सहज म्हणतो. यातला ‘सारखा’ हा शब्द किती जुना आहे?

मूळ अर्थ

संस्कृतमध्ये ‘सदृश’ आणि ‘सदृक्ष’ असे दोन शब्द आहेत. ‘स’ म्हणजे समान आणि ‘दृश्’ म्हणजे पाहणे. म्हणजेच, जो पाहायला समान तो सदृश. ‘सदृक्ष’चं प्राकृतात ‘सरिक्ख’ झालं, जुन्या मराठीत ‘सारिखा’ आणि पुढे ‘सारखा’. हिंदीतला ‘सरीखा’ आणि गुजरातीतला ‘सरखुं’ हेही याच कुळातले.

दगडावरचा पुरावा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीपासून जवळच पांडवलेणी आहेत. तिथल्या लेणे क्रमांक 3 मध्ये सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा लेख तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षीचा आहे. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन येतं. त्याचा चेहरा सूर्यकिरणांनी उमललेल्या निर्मळ कमळासारखा आहे, असं सांगताना ‘सदिस’ हा शब्द वापरला आहे. हे ‘सदृश’चं प्राकृत रूप.

याच लेखात त्याचा पराक्रम राम, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा ठरवताना मात्र ‘तुल’ म्हणजे तुल्य हा शब्द येतो. त्याचं नातं तोलण्याशी आहे. चेहऱ्यासाठी पाहण्यातून आलेला शब्द, पराक्रमासाठी तोलण्यातून आलेला!

पुढे काय झालं?

‘सदृश’चं आणखी एक प्राकृत रूप म्हणजे ‘सरिस’. त्यातून आलेला ‘सरिसा’ 1290 च्या ज्ञानेश्वरीत भेटतो, ‘सारिखा’ही भेटतो. आज ‘सरिसा’ बोलण्यातून गेला, ‘सारखा’ टिकला. त्याला आणखी एक अर्थही चिकटला. ‘तो सारखा फोन करतो’ यात सारखा म्हणजे सतत: पुन्हापुन्हा तेच, म्हणून सारखं.

असा, तसा, जसा, कसा

हेही त्याच घरातले. ईदृश, तादृश, यादृश, कीदृश या संस्कृत शब्दांपासून अपभ्रंशात अइस, तइस, जइस, कइस झाले. 12व्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ही रूपं नोंदवली आहेत. जुन्या मराठीत त्यांचे ऐसा, तैसा, जैसा, कैसा झाले आणि आज असा, तसा, जसा, कसा.

थोडक्यात, ‘कसा आहेस?’ या साध्या प्रश्नातही ‘कोणासारखा दिसतोस?’ हा जुना अर्थ दडलेला आहे.