हॅल्युसिजेनिया : एका जीवाश्माच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

नागपूरच्या परिसरात अतिप्राचीन रूपांतरित खडकांवर एकदम गोंडवनी व त्यानंतरचे स्तर आढळतात; कँब्रियन सागराची नोंद येथे नाही. त्या सागरातील प्राण्यांचा परिचय येथील अभ्यासकास अन्यत्रच्या संग्रहांवरूनच करून घ्यावा लागतो. अशा प्राण्यांपैकी हॅल्युसिजेनियाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वीचा हा कृमिसदृश प्राणी फार तर 5 सेंटीमीटर लांबीचा असून त्याच्या अंगावर कठीण काट्यांच्या सात जोड्या होत्या. कॅनडातील बर्जेस शेलमधून वॉलकॉट यांनी मिळविलेल्या नमुन्यांचे वर्णन 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी काट्यांना शूक मानून त्यास कॅनेडिया या वलयी कृमींच्या प्रजातीत घातले. 1977 मध्ये कॉनवे मॉरिस यांनी हे वर्गीकरण अमान्य करून हॅल्युसिजेनिया ही नवी प्रजाती स्थापिली. त्यांच्या मते प्राणी काट्यांवर उभा राहत असे व पाठीवर मऊ स्पर्शकांची एकच ओळ होती.

या कोड्याचा उलगडा चीनमधील युनान प्रांतातून झाला. मायक्रोडिक्टिऑनच्या जाळीदार चकत्या पूर्वीपासून सुट्या सापडत. परंतु त्या कोणाच्या, हे अज्ञात होते. चेंगज्यांग येथील संपूर्ण प्राण्याचे वर्णन 1989 मध्ये झाले, तेव्हा त्या चकत्या पायांच्या वरच्या बाजूस जोडीजोडीने बसलेल्या दिसल्या. या साम्यावरून रामशोल्ड व हौ यांनी 1991 मध्ये हॅल्युसिजेनियास उलटे केले: काटे पाठीवर गेले, स्पर्शक पाय ठरले. पुढील वर्षी रामशोल्ड यांनी मूळ नमुन्यातील खडक कोरून पायांची दुसरी ओळ उघडी केली.

डोक्याचा प्रश्न मात्र उरला होता. स्मिथ व कॅरन यांनी 2015 मध्ये दाखविले की, डोके मानलेला गोल डाग कुजताना बाहेर पडलेल्या द्रवाचा होता; डोळे व दात दुसऱ्या टोकास होते. तत्पूर्वी 2014 मध्ये नख्यांच्या एकात एक बसलेल्या थरांवरून ऑनिकोफोरांशी त्याचे नाते स्पष्ट झाले होते. या संघातील टिफ्लोपेरिपॅटस हा भारतीय प्राणी केंप यांनी सियांग खोऱ्यातून 1913 मध्ये वर्णिला आहे.

प्रत्येक दुरुस्ती शक्य झाली, कारण जुने नमुने जपून ठेवलेले होते. वर्णन प्रसिद्ध झाले म्हणून नमुन्याचे कार्य संपत नाही; तुलनेचे नवे साधन मिळताच त्याची पुन्हा साक्ष घ्यावी लागते.