प्रबंध, करारपत्र आणि मुदतवाढ

कोलंबिया विद्यापीठाने डॉ. भीमराव आंबेडकर यांना अर्थशास्त्रातील पीएच.डी. प्रदान केली ती ८ जून १९२७ रोजी. प्रबंध त्यांनी १९१६ सालीच सादर केलेला होता. मधल्या अकरा वर्षांत काय घडले, हा प्रश्न चरित्रग्रंथांत पदव्यांच्या यादीमागे सहसा झाकला जातो. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला मात्र त्या यादीतील पदव्यांइतक्याच मधल्या रिकाम्या जागाही बोलक्या वाटतात. पैसा कोणी मंजूर केला, मुदत कधी संपली, वाढवून कोणी दिली आणि कोणी नाकारली, या दृष्टीने हा प्रवास पाहिला तर डॉक्टरेट म्हणजे काय हे अधिक स्पष्ट होते.

प्रवासाचा आरंभ एका करारपत्राने झाला. जून १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची, अशी अट होती. सयाजीराव गायकवाडांची दूरदृष्टी येथे मान्य केलीच पाहिजे. अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्याला अमेरिकेत अर्थशास्त्र शिकविण्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून करणारे राज्यकर्ते त्या काळी शोधूनही सापडले नसते.

न्यूयॉर्कमध्ये आंबेडकरांनी वेळेचा हिशेब पैशासारखा ठेवला. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंधावर एम.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंध तयार झाला. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पदवी न देण्याची कोलंबियाची रीत होती. विद्वत्तेची परीक्षा उत्तीर्ण झाली, तरी छपाईचे बिल शिल्लक राहिले. ते फिटून पदवी हाती येईपर्यंत अकरा वर्षे लोटली.

ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. तेथील अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परतणे भाग पडले. सामान व पुस्तके ज्या बोटीने पाठविली होती ती महायुद्धात बुडाली. निघण्यापूर्वी मात्र एक साधीशी कार्यालयीन गोष्ट घडली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली होती. या परवानगीसाठी संस्थेला एक पेनीही खर्च आला नाही, तरीही पुढचे सारे तिच्यावरच उभे राहिले.

कराराप्रमाणे आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. दरबाराला त्यांची नोकरी हवी होती, पण शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कमाटी बागेत कित्येक तास बसून काढल्यावर रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. करारपत्रात विद्यार्थ्याची कर्तव्ये नोंदलेली होती. त्याला डोक्यावर छप्पर देण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी त्यात ओळ नसावी, कारण ती लिहावी लागेल असे कोणाला वाटलेच नसेल. नियम सर्वांना सारखा असला, तरी तो पाळण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढचा पैसा त्यांनी स्वतः उभा केला. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्र शिकविले आणि काटकसरीने शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावर एम.एस्‌सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. त्याच वर्षी डी.एस्‌सी.चा प्रबंध दाखल झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून आणावयास सांगितले. तोवर पैसा संपत आला होता, म्हणून ते मुंबईस परतले, येथूनच सुधारित मसुदा पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने हा प्रबंध लगेच प्रसिद्ध झाला. केन्सने १९१३ मध्ये भारताच्या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले होते. आंबेडकरांनी त्याच पद्धतीवर बोट ठेवले. पौंडाशी असलेला दर सांभाळला म्हणजे रुपया स्थिर झाला असे होत नाही, बाजारात त्या रुपयाला काय मिळते ते पाहिले पाहिजे, आणि रुपये काढण्याचा सरकारचा अधिकार मर्यादित केला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद न लपविता पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. एम.ए.च्या वर्गात आम्हाला केन्स कसून शिकविला गेला. या पुस्तकाचे नावही कानावर आले नाही. मी ते नोकरीत आल्यानंतर, मराठी मुलखापासून दूरच्या एका मुक्कामी वाचले.

कोलंबियाची अट पूर्ण झाली ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या ग्रंथाने. प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आणि सयाजीरावांना कृतज्ञतेची अर्पणपत्रिका, असा तो ग्रंथ. १८७१ नंतर प्रांतांना आधी ठरावीक नेमणुका, मग सोपवून दिलेले महसूल आणि शेवटी वाटून घेतलेले महसूल असे तीन टप्प्यांत पैसे कसे मिळत गेले, हे त्यात दाखविले आहे. वित्त आयोगाच्या शिफारशींवर आज केंद्र आणि राज्ये यांच्यात जो वाद होतो, त्याची मुळे पाहावयाची असतील तर हे पुस्तक अजूनही उघडावे लागते.

आता आजच्या नियमांकडे पाहू. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ प्रमाणे सर्वसाधारण कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवेत २४ महिने अभ्यासरजा मिळू शकते आणि त्यासाठी बंधपत्र द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदतच तीन वर्षांची, कमाल सहा वर्षांची आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षे चालते. म्हणजे रजा संपते तेव्हा किमान एक वर्षाचे काम उरते, आणि अधिछात्रवृत्ती थांबते तेव्हाही नोंदणीचे एक वर्ष बाकी असू शकते. शंभर वर्षांपूर्वी जी फट होती, ती आजही त्याच जागी आहे. या फटीत जे अडकतात त्यांत घरून पैसा येऊ शकणारे थोडे आणि न येऊ शकणारे पुष्कळ असतात.

अभ्यासरजेच्या अनेक नस्ती माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. ‘मुदतवाढ नियमात बसत नाही’ ही टिप्पणी लिहिणे सोपे असते आणि बहुधा ती बरोबरही असते. सरकारी पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु नियमांनी जेथे आपल्या विवेकाला जागा ठेवली आहे, तेथे ती वापरण्याआधी लंडनच्या त्या चार वर्षांच्या परवानगीची आठवण ठेवावी. महाराष्ट्राबाहेर वाढलेली आपली अनेक मुलेमुली आज दूरदूरच्या विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुद्धी कमी पडण्यापेक्षा महिने कमी पडण्याचा संभव अधिक. अशा वेळी घरच्यांनी ‘अजून किती दिवस?’ असे विचारण्याऐवजी ‘किती महिने हवेत आणि त्यासाठी काय करता येईल?’ असे विचारले, तर पुष्कळ प्रबंध पुरे होतील.