सेवा दोन, व्याख्या एक : जावा क्लायंटची पूर्वतयारी

लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगत असलेले देवणी हे गाव तेथील गोवंशामुळे देशभर ओळखले जाते. मराठीत हे नाव एकाच प्रकारे लिहिले जाते; रोमन लिपीत मात्र कोठे 'देवनी', तर कोठे 'देओनी' असे आढळते. दोन्ही एकच, हे माणसाला समजते. संगणकाला ते सांगावे लागते. अनेक वेब सर्व्हिसेसशी जोडणी करणाऱ्या जावा प्रोग्रामपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

वेब सर्व्हिसकडे कोणती माहिती पाठवायची आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, याचे वर्णन डब्ल्यूएसडीएल या एक्सएमएल दस्तऐवजात असते. त्याची १.१ ही आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' किंवा अपाची सीएक्सएफमधील 'डब्ल्यूएसडीएल-टू-जावा' ही साधने हा दस्तऐवज वाचून क्लायंटचे जावा क्लास आपोआप लिहून देतात.

अडचण कोठे येते?

समजा, जनावरांच्या लसीकरणाची एक सेवा आहे आणि विम्याची दुसरी. दोन्हींत 'जनावर' हा प्रकार सामाईक आहे : कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जात आणि वानेरा, बालंक्या व शेवेरा यांपैकी एक उपप्रकार. दोन्ही दस्तऐवजांतून दोन स्वतंत्र पॅकेजेसमध्ये क्लास तयार केले, तर 'जनावर' नावाचे दोन क्लास निर्माण होतात. ते दिसायला सारखे असले तरी जावाच्या लेखी पॅकेजसह पूर्ण नाव हीच क्लासची ओळख असते. त्यामुळे एका सेवेकडून मिळालेले 'जनावर' दुसऱ्या सेवेला थेट देता येत नाही. प्रत्येक रकाना हाताने उतरवावा लागतो आणि एखादा रकाना सुटला, तर लस टोचलेल्या गायीची नोंद विम्याच्या दाव्यापर्यंत पोहोचत नाही. याची झळ प्रोग्रामरला नव्हे, शेतकऱ्याला बसते.

दोन्हींसाठी एकच पॅकेज वापरणे हा उपाय सोपा वाटतो. पण नंतर तयार झालेल्या फायली आधीच्या फायली पुसून टाकतात. विशेषतः 'ऑब्जेक्टफॅक्टरी' या क्लासमध्ये केवळ शेवटच्या सेवेचेच प्रकार उरतात.

योग्य मार्ग

सामाईक प्रकार एका स्वतंत्र एक्सएसडी फायलीत ठेवावेत आणि दोन्ही डब्ल्यूएसडीएलमध्ये ती फाइल आयात करावी. 'एक्सजेसी' या साधनाने तिचे क्लास एकदाच तयार करावेत. त्या वेळी 'एपिसोड' हा पर्याय दिल्यास कोणत्या प्रकारासाठी कोणता क्लास तयार झाला, याची नोंदवही मिळते. पुढे प्रत्येक सेवेचा क्लायंट तयार करताना हीच नोंदवही बाइंडिंग फाइल म्हणून द्यावी. मग साधन सामाईक प्रकार पुन्हा न लिहिता तयार क्लासकडेच बोट दाखवते.

दक्षता

एपिसोडची जुळणी नेमस्पेस आणि प्रकाराचे नाव यांवर होते. दोन कार्यालयांनी वेगळे नेमस्पेस वापरले असतील, तर आतील मजकूर तंतोतंत सारखा असूनही प्रकार वेगळेच मानले जातात. याउलट नाव एकच असून एका सेवेत एखादा रकाना अधिक असेल, तर तो वाचताना सहसा कोणतीही सूचना न देता गळून पडतो. म्हणून एपिसोड वापरण्यापूर्वी दोन्ही व्याख्या ताडून पाहणे अगत्याचे आहे.

बिल्ल्याच्या क्रमांकाचीही काळजी घ्यावी. जावाच्या 'इंट' प्रकाराची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे अवघी दहा अंकी आहे. १२ अंकी क्रमांक तीत मावत नाही. ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते, ते 'स्ट्रिंग' म्हणून घोषित करणेच श्रेयस्कर.

'डब्ल्यूएसइम्पोर्ट' आणि 'एक्सजेसी' ही साधने पूर्वी जावासोबतच मिळत. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून ती वगळण्यात आली असून, आता स्वतंत्रपणे घ्यावी लागतात. साधन कोणतेही असो, सामाईक व्याख्या एकाच ठिकाणी राहील आणि ती कोणी बदलायची, हे संबंधित कार्यालयांनी आधीच ठरवून घ्यावे. तो निर्णय कोणतेही साधन त्यांच्यासाठी घेऊ शकत नाही.